पाठीवर गोणी घेतलेला हमाल काढताना गोणीला वजनच येत नाही, कुठं चुकतंय?

रेघोट्या
मार्केट यार्डातलं चित्र चाललंय. कांद्याची गोणी पाठीवर घेऊन ट्रककडे निघालेला हमाल, पूर्ण बाजूने दिसणारा. ए३ कागद, आधी पेन्सिल, वरून जलरंग. आकृती साडेसात डोक्यांची धरलीय. सरळ उभी केली तर २२.५ सेंमी होईल, म्हणजे डोकं ३ सेंमी. मागच्या बाजूला डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई आहे, आकाराने लहान.

मापं दोनदा तपासली, हात-पाय-धड प्रमाणात आहेत. तरी गोणी उशीसारखी दिसते आणि माणूस मागे कलंडेल असं वाटतं. पाठ थोडी वाकवली तर नुसता वाकलेला दिसतो, ओझ्याने वाकलेला नाही. स्नायू ठळक केले, कपाळावर आठ्या काढल्या, घामाचे थेंबसुद्धा काढले. काही फरक नाही. धड नेमकं किती वाकवायचं, पाय कसे ठेवायचे आणि गोणी जड कशी दाखवायची? बाईचंही काही खटकत असेल तर सांगा, तिच्या घमेल्यात वाळू दाखवलीय.

ओळंबा
घामाचे थेंब आधी खोडा. तोल चुकलेला असला की चेहऱ्यावर काहीही काढा, बघणाऱ्याला खोटंच वाटतं.

हिशेब एकदा मांडून बघा, पुढच्या वेळी नजरेनेच कळेल. माणूस ६० किलोचा, उंची १६८ सेंमी. गोणी ५० किलोची. तुमच्या कागदावरचा १ सेंमी म्हणजे खरे साडेसात सेंमी.

मोकळ्या उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात ती जागा, उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो, बेंबीच्या जरा खाली, पोटाच्या आत. तिथून ओळंबा सोडला तर तो घोट्याच्या पुढे पाचेक सेंमीवर पडतो. टाच घोट्याच्या मागे पाच-सहा सेंमी जाते. म्हणजे मागे जायला माणसाकडे सगळी मिळून ११ सेंमी जागा आहे. तुमच्या कागदावर दीड सेंमी.

आता गोणी. भरलेली कांद्याची गोणी साधारण ४० सेंमी जाड, तिचा मध्य पाठीपासून २० सेंमी मागे. पाठीपासून धडाच्या मध्यापर्यंत आणखी दहा. एकूण ३० सेंमी. माणूस आणि गोणी यांची वजनं ६ ला ५, म्हणून दोन्ही मध्य जोडणाऱ्या रेघेचे ११ भाग करायचे आणि माणसाकडून ५ भाग मोजायचे. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य तिथं. आडवं अंतर काढलं तर ३० चे पाच अकरांश, साडेतेरा सेंमी. जागा होती ११. ओळंबा टाचेच्याही मागे पडला. ताठ काढलेला तुमचा हमाल कलंडतो तो यामुळे, नजरेचा दोष नाही.

यातून सुटायला धड पुढे घ्यावं लागतं. किती, तेही निघतं. खुब्याच्या सांध्यापासून धडाच्या रेघेवर ४० सेंमी वर जा, तिथून काटकोनात ३० सेंमी मागे या, तो गोणीचा मध्य. तीन-चार-पाचचा त्रिकोण झाला. धड ३७ अंश पुढे झुकवलं की गोणीचा मध्य बरोबर खुब्याच्या वर येतो. छाती आणि डोकं पुढे गेलेलं असतं, त्यामुळे दोघांचा मिळून ओळंबा खुब्याच्या पुढे पाच-सहा सेंमी पडतो. म्हणून खुबा घोट्याच्या वर ठेवा. ओळंबा आपोआप पावलाच्या मध्याशी येतो.

कागदावर असं करा. जमिनीची रेघ. तिच्यावर घोट्याची खूण. खुणेतून उभी रेघ, तिच्यावर १२ सेंमीवर खुबा. खुब्यातून कोनमापकाने उभ्या रेघेपासून ३७ अंशावर धडाची रेघ. तिच्यावर ५.३ सेंमी मोजा, तिथून मागे काटकोनात ४ सेंमीवर टिंब. हे टिंब गोणीचा मध्य. ते खुब्याच्या बरोबर वर आलं नाही तर कुठंतरी मोजताना घसरलात. गोणीचा आकार त्या टिंबाभोवती बसवायचा, आणि माणसाची बाह्यरेषा त्यानंतर. बहुतेक जण आधी माणूस पूर्ण करतात आणि मग त्याला गोणी चिकटवतात, तिथंच वजन जातं.

३० ते ४० अंशांत कुठंही चालेल. पण ५५-६० अंश वाकवलं आणि खुबा मागे घेतला नाही, तर ओळंबा चवड्याच्या पुढे जातो आणि माणूस तोंडावर पडायला लागतो. जास्त वाकलं म्हणजे जास्त वजन, असं होत नाही.

रेघोट्या
केलं. ३५ अंश घेतलं, टिंब वर आलं, माणूस आता पडत नाही. फार आभार. पण आता तो सत्तरीचा म्हातारा दिसतोय. गोणी काढून टाकली तर हातात काठी द्यावी लागेल इतका.

चवडा_टाच
म्हणजे तुम्ही पोक काढलंय.

३५ अंशांचा वाक कुठं आला ते बघा. म्हातारा वाकतो तो वरच्या पाठीत, खांद्यांच्या मध्ये गोलाई येते, मान पुढे लोंबते, छाती आत जाते. हमाल वाकतो खुब्यात. नितंबापासून मानेच्या मणक्यापर्यंत पाठ जवळजवळ फळीसारखी. गोणी टेकायला सपाट जागा लागते, गोल पाठीवर ती घरंगळते. पट्टी ठेवून बघा, पाठीची रेघ पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सुटायला नको.

मग मान. गोणीचा वरचा भाग मानेवर दाबतो, पण माणसाला समोर बघायचं असतं, त्यामुळे डोकं त्या दाबाच्या विरुद्ध वर उचललेलं. हनुवटी पुढे आलेली, गळ्याच्या दोन्ही बाजूंचे दोर कानामागून छातीच्या मध्याकडे ताणलेले. नजर दोन-तीन मीटर पुढच्या जमिनीवर. क्षितिजाकडे बघणारा हमाल काढू नका, तो पाटीला ठेचकाळेल.

गुडघे १५-२० अंश वाकलेले. ओझ्याखाली सरळ कुलूप घातलेला गुडघा फक्त थांबलेल्या माणसाचा असतो, चालणाऱ्याचा नाही. गुडघा वाकला म्हणजे मांडीचा पुढचा भाग फुगणार आणि गुडघ्याच्या वाटीच्या वर तो एका कडेने संपलेला दिसणार. ही कड काढा, बाकी मांडी मोकळी सोडा.

पावलं हा तुमच्या चित्राचा कच्चा भाग असणार, सगळ्यांचा असतो. रिकामा माणूस चालताना टाच ते टाच साधारण ७० सेंमी जातो. ५० किलो घेतलेला इतकी ढांग टाकत नाही, कारण एका पायावर राहण्याचा वेळ त्याला कमी करायचा असतो. दीड पावलाएवढं अंतर ठेवा, तुमच्या मापात ५ सेंमी. पुढचं पाऊल पूर्ण टेकलेलं, टाच-चवडा दोन्ही. मागच्या पायाची टाच नुकती सुटायला लागलेली, एखादा सेंमी, बोटं अजून जमिनीवर. मागचा पाय हवेत काढला की माणूस धावतोय आणि गोणीत कापूस आहे असं दिसतं.

आणि दोन्ही पावलं एका रेघेत ठेवू नका. ओझं घेतलेला माणूस पाय फाकवून चालतो. बाजूने बघताना पलीकडचं पाऊल कागदावर थोडं वर येतं, तुमच्या आकारात चार-पाच मिलिमीटर. अनवाणी असेल तर बोटं पसरलेली, अंगठा बाकीच्यांपासून सुटलेला. चप्पल असेल तर टाच चपलेच्या कडेबाहेर दबून आलेली. एवढ्याशा जागेत केवढं वजन दिसतं ते करून बघा.

सुतळी
माणूस झाला, आता पोत्याकडे या. धाग्यात सगळे गोणी म्हणजे एक लंबगोल आहे असं धरून चाललेत.

आत काय आहे ते आधी ठरवा. ५० किलो सिमेंटची पिशवी साधारण ३५ लिटर जागा घेते. ५० किलो ज्वारी पासष्ट-सत्तर लिटर. ५० किलो कांदा पंच्याऐंशी-नव्वद. वजन तेच, आकार दुपटीहून मोठा. कांद्याची गोणी ७० सेंमी लांब आणि ४० जाड काढली तर ज्वारीची तेवढ्याच लांबीची ३५ जाड होईल, सिमेंटची त्याहून बरीच छोटी आणि चपटी. सिमेंटची पिशवी कांद्याच्या गोणीएवढी काढली तर त्या माणसाच्या पाठीवर सव्वाशे किलो टाकलेत, आणि तुमचा ३७ अंशांचा हिशेब बदलला.

आता पृष्ठभाग. ज्वारी पाण्यासारखी वाहते, त्यामुळे पोतं खाली फुगतं, वर सैल पडतं, बाह्यरेषा गुळगुळीत आणि ताणलेली. कांदा वाहत नाही, अडकतो. जाळीच्या गोणीत कडेला कांद्यांचे उंचवटे दिसतात, साधारण ५-६ सेंमीचे, कागदावर ७-८ मिलिमीटर. ते सगळीकडे काढू नका. खालच्या आणि बाहेरच्या कडेला सात-आठ काढा, जिथं कापड ताणलेलं आहे तिथं. वरच्या सैल भागात जाळी चुरगळते, तिथं नुसत्या घड्या. सगळ्या गोणीवर एकसारखे गोळे काढले की द्राक्षाचा घड होतो.

उशी दिसण्याचं खरं कारण: तुम्ही गोणीच्या दोन्ही बाजू बाहेर फुगवल्यात. पाठीला टेकलेली बाजू बाहेर फुगत नाही, ती पाठीचा साचा घेते. म्हणजे गोणीची एक कड पाठीच्या सरळ रेघेला चिकटून सपाट, आणि दुसरी, बाहेरची कड, पोटासारखी लोंबलेली. सर्वांत जाड भाग मध्यावर नाही, मध्याच्या खाली, तळापासून एक तृतीयांश उंचीवर. एवढं केलं की अर्धं काम झालं.

धरायचं कसं? गोणीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना कान असतात. हमाल हात खांद्यांवरून मागे नेऊन कान धरतो, कोपरं पुढे आणि वर, कानाच्या पातळीच्या आसपास. धरलेल्या कानापासून घड्या पंख्यासारख्या निघतात, जवळ दाट आणि खोल, लांब गेल्यावर विरत जाणाऱ्या. घडी सुटते ती ओढणाऱ्या जागेतून आणि जाते वजनाकडे. मध्येच उगवलेली घडी काढू नका. मूठ पूर्ण मिटलेली, अंगठा बोटांवर दाबलेला. बोटांच्या टोकांनी धरलेली गोणी ही रिकामी गोणी. गोणीत अडकवायचा लोखंडी आकडा वापरत असेल तर मनगट सरळ असतं, हात आणि आकडा एका रेघेत, आणि आकडा घुसलाय तिथून कापडाला एक टोकदार तंबू येतो.

सदऱ्याचं विसरू नका. गोणी आणि पाठ यांच्यामध्ये सदरा सापडलाय. तो काखेकडून वर ओढला जातो, पोटापाशी सुटतो. बाहीची शिवण खांद्यावरून घसरून मानेकडे गेलेली. हे तीन बदल आणि सदरा संपला, जास्त घड्या घालायच्या नाहीत.

खडूवाला
ओळंबा यांचं गणित बरोबर आहे, पण याने हात आखडतात. अकरा भाग करून कुणी आयुष्यभर माणसं काढली नाहीत. त्यापेक्षा सकाळी लवकर मार्केट यार्डात जा. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक जोरात असते, तासाभरात पन्नास हमाल नजरेखालून जातात. स्वस्त न्यूजप्रिंट, ४बी पेन्सिल, एका आकृतीला ३० सेकंद. पहिली रेघ मानेपासून ओझं पेललेल्या टाचेपर्यंत, एकाच झटक्यात. दुसरी गोणीचा तिरपा अक्ष. तिसरी जमीन. बस. चेहरा, बोटं, कपडे काही नाही. वाटेत उभे राहू नका, एवढीच विनंती. ओझं घेतलेल्या माणसाला तुम्हाला वळसा घालायला लावणं बरं नव्हे. फोटो काढायचा तर आधी विचारा.

आणि एक दुरुस्ती. सगळं पाठीवरच्या ओझ्याबद्दल चाललंय. एका खांद्यावरच्या ओझ्याचा नियम वेगळा आहे आणि तिथं चूक सर्रास होते. उजव्या खांद्यावर गॅसचं सिलिंडर काढा, गॅस १४.२ किलो, टाकीसकट तीसेक किलो. नवखे लोक उजवा खांदा खाली दाबलेला काढतात, कारण डोक्यात असतं की वजन खाली दाबतं. प्रत्यक्षात ओझ्याचा खांदा वर असतो. माणूस तो मुद्दाम उचलून त्याचा फलाट करतो, आणि धड डावीकडे कलल्यामुळे तो आणखी वर जातो. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत हे स्पष्ट लिहिलंय: ओझं पेलणारा खांदा ओझं नसलेल्या खांद्यापेक्षा नेहमी उंच. डोकंही डावीकडे, डावा हात बाहेर सुटलेला. तो हात शोभेला नाही, तराजूचं दुसरं पारडं आहे. सिलिंडर जेवढं जड, तेवढा हात लांब.

हातातली बादली याच्या उलट. तिथं खांदा खाली ओढला जातो, पण धड विरुद्ध बाजूला कलतं, म्हणून दोन्ही खांद्यांची रेघ फारशी तिरपी राहत नाही. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो. ती दिसते दोन ठिकाणी: कानापासून खांद्यापर्यंतच्या लांबट ताणलेल्या उतारात आणि सरळ दोरीसारख्या लोंबणाऱ्या हातात. कोपर जरा जरी वाकवलं की बादली रिकामी झाली. हँडलखाली बोटं पांढरी पडतात तेही रंगात घेता येतं.

ओळंबा
@खडूवाला, यार्डात जाऊन काढायला माझा विरोध कसला? पण ३० सेकंदांत काय बघायचं ते आधी माहीत असेल तरच ते दिसतं. नाहीतर पन्नास हमाल बघून पन्नास वेळा गोणीच काढली जाते. हिशेब सरावापुरता आहे. पाच-सहा चित्रांनंतर कोनमापक कंपासपेटीत टाका. नंतर फक्त दोरा. दोऱ्याला नट बांधून हातात धरायचा, एक डोळा मिटायचा, समोरच्या हमालाची टाच, खुबा आणि गोणी दोऱ्याच्या कुठल्या बाजूला येतात ते बघायचं. गवंडी भिंतीला लावतो तसाच.

खांद्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

चुंबळ
बाईबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

घमेल्यात वाळू दाखवली म्हणता, म्हणजे तोंड उघडं दिसतंय, लंबवर्तुळ आलंय. बघणारा जमिनीवर उभा असेल तर त्याची नजर दीड मीटरच्या वर असते. बाईच्या डोक्यावरचं घमेलं त्याहून उंच. नजरेच्या वरच्या भांड्याचं तोंड दिसत नाही, बूड दिसतं. वाळू दिसेल ती फक्त काठाच्या वर आलेल्या ढिगाइतकी. काठाची जवळची बाजू वर वळलेली कमान, बुडाची त्याहून कमी वळलेली. तुम्ही तोंड उघडं काढलंत म्हणजे बघणारा ट्रकच्या टपावर उभा राहिला, आणि मग हमालही वरूनच दिसायला हवा.

हाच नियम दोघांना एका जागेवर आणतो. नजरेची आडवी रेघ हलक्या हाताने पूर्ण कागदावर ओढा. सपाट जमिनीवर तुमच्याइतक्याच उंचीचे जे कोणी ताठ उभे आहेत, त्या सगळ्यांचे डोळे त्या रेघेवर येतात, जवळचे असोत की लांबचे. बाई कमी उंचीची असेल तर जरा खाली. हमाल वाकलेला आहे, गुडघेही वाकलेत, त्यामुळे त्याचे डोळे रेघेच्या २० सेंमी तरी खाली, म्हणजे कागदावर अडीच-पावणेतीन सेंमी. मागची बाई जवळच्या हमालापेक्षा लहान असूनही तिचं डोकं कागदावर त्याच्या डोक्यापेक्षा उंच येणार. हे विचित्र वाटतं म्हणून लोक तिला खाली ओढतात आणि ती खड्ड्यात उभी राहते.

तिची ठेवण हमालाच्या अगदी उलट. ओझं डोक्यावर, म्हणजे कानाचं भोक, खांदा, खुबा आणि घोट्याच्या जरा पुढची जागा एका ओळंब्यात. हनुवटी जमिनीला समांतर. खाली बघायचं असेल तर फक्त पापण्या खाली, डोकं नाही. डोकं हललं तर घमेलं गेलं. घमेलं आणि डोकं यांच्यामध्ये चुंबळ काढा, कापडाची गुंडाळी, दाबून तीन-चार सेंमी उरलेली. चुंबळीशिवाय घमेलं कवटीवर तरंगतं. मान थोडी आखूड, खांदे खाली आणि मागे. हिला पुढे झुकवलंत तर सगळं बिघडलं.

चालताना तिचं वरचं शरीर स्थिर आणि हालचाल कमरेत. ओझ्याच्या पायाकडचा खुबा वर, दुसरा खाली, पण खांदे आणि घमेल्याचा काठ आडवाच. एका हाताने काठ धरला असेल तर तो हात हलकासाच टेकलेला काढा. तो पेलत नाही, फक्त खबर ठेवतो.

रेघोट्या
घमेल्याचं तर लक्षातच आलं नव्हतं! पुसून बूड काढलं, बाई एकदम मागे गेली आणि जमिनीवर आली. पोत्याची पाठीकडची कड सपाट केली, तिथंच उशी संपली.

आणखी एक विचारतो, धाग्याशी जरा बाजूचं. सोलापूरच्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे ती उंच काठी, पेलणारा काढायचाय. तो पुढे वाकलेला काढला तर बरोबर दिसत नाही.

चवडा_टाच
का बे, तिथंही गोणीचाच नियम लावला होय? ओझं पुढच्या बाजूला आहे. काठी कमरेच्या पट्ट्यात, पोटाच्या पुढे टेकलेली. पाठीवरचं ओझं धडाला पुढे पाठवतं, पोटापुढचं ओझं मागे. पोटाशी धान्याचं टोपलं धरलेली बाई किंवा कडेवर पोर घेतलेला बाप आठवा. खांदे खुब्याच्या मागे आठ-दहा अंश, कमरेत आतला बाक वाढलेला, हनुवटी जरा आत, नजर वर शेंड्याकडे. पाय फाकलेले, एक पुढे एक मागे, गुडघे सैल.

काठी मात्र उभीच. इतकी उंच वस्तू जराशी कलली तरी शेंडा फार लांब जातो. ५ अंशांचा कल म्हणजे दर १० फुटांमागे साडेदहा इंच. चालताना ती कलते, पण माणूस लगेच तिच्याखाली पाय नेतो. म्हणून चित्रात कल दाखवायचाच असेल तर एक-दोन अंश, आणि ज्या बाजूला काठी कललीय त्याच बाजूला पुढचं पाऊल पडताना दाखवा. काठी पट्टीने आखा, माणूस मोकळ्या हाताने. सातही नंदीध्वज एका चित्रात घेणार असाल तर प्रत्येकाचा कल वेगळा ठेवा, नाहीतर कुंपण होतं. बाराबंदी, म्हणजे त्याचा बंदांचा अंगरखा, पांढरी असते, तिथं सावली निळसर राखाडी आणि कमी. पट्ट्याच्या वर कापड गोळा होतं आणि खाली ताणलेलं राहतं, तिथं काठीचं वजन दिसतं.

रेघोट्या
समजलं. हमालाला आता रंग लावतोय. गोणी जड दिसावी म्हणून गडद करू का?

सुतळी
अख्खी गोणी नको, तिचा दगड होईल. कांद्याची लाल जाळी उन्हात उजळच असते. गडद करायचं ते फक्त स्पर्शाच्या जागी: गोणी आणि पाठ यांच्यामधली फट, मान आणि गोणी यांच्यामधला त्रिकोण, मुठीच्या खालची बाजू. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात अल्ट्रामरीन निळा मिसळून बारीक ब्रशने, गोणीकडे कडक कड आणि पाठीकडे ओल्या ब्रशने विरवलेली. गोणीच्या लोंबलेल्या पोटाखाली जमिनीवरून आलेला पिवळसर उजेड एक पट्टी ठेवा, ती गेली की गोलाई गेली.

पायाखाली दोन सावल्या असतात हे बघा. पडछाया सूर्याच्या विरुद्ध बाजूला, फिकट, लांबट, आणि तिच्यात गोणीचाही आकार आला पाहिजे. नुसत्या माणसाची सावली पाडलीत तर गोणी पुन्हा हवेत. दुसरी सावली तळपाय आणि जमीन यांच्यामधली काळी रेघ. पुढच्या, पूर्ण टेकलेल्या पावलाखाली ती टाचेपासून बोटांपर्यंत अखंड आणि जाड. मागच्या पावलाखाली फक्त चवड्यापाशी, टाचेखाली मोकळी जागा. ही रेघ सगळ्यात शेवटी, कागद पूर्ण वाळल्यावर ओढा. ओल्यात ओढली तर पसरते आणि पाऊल चिखलात जातं.